होणाऱ्या सुनेचा कागद आणि ५ ऑगस्टची मुदत

प्रश्न : आमचा एकुलता एक मुलगा आठ वर्षांपासून अमेरिकेत असून डॅलसजवळच्या एका कंपनीत एच-१बी व्हिसावर नोकरी करतो. त्याची ग्रीन कार्डाची फाइल २०२१ मध्ये नोकरीवर आधारित ईबी-२ या वर्गात लागली, कंपनीने त्याच्यासाठी भरलेले आय-१४० हे अर्जपत्र मंजूर झाले, पण नंबर कधी येईल हे कोणीच सांगू शकत नाही. त्याने तेथील एका नेपाळी मुलीशी लग्न करायचे ठरवले आहे. मुलगी गुणी आहे. तिचे वडील आपल्याच सैन्याच्या गोरखा पलटणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. ती २०१३ मध्ये शिकायला गेली, पुढे भूकंपात गावचे घर पडले, फी थांबली, आणि तेव्हापासून ती टीपीएस (टेम्पररी प्रोटेक्टेड स्टेटस, म्हणजे तात्पुरते संरक्षण) नावाच्या कागदावर राहते व एका रुग्णालयाच्या हिशेब विभागात काम करते. हा कागद आता ५ ऑगस्टला संपणार असल्याची बातमी आली आहे. माझी नणंद म्हणते, की मुलगी कागदासाठी लग्न करत आहे आणि तिच्यामुळे मुलाचा व्हिसाही अडचणीत येईल. लग्न डिसेंबरात नागपुरात करायचे म्हणून आम्ही वर्धा रोडवर एक मंगल कार्यालय पाहून ठेवले आहे. तिच्या कागदाचा काय तो निकाल लागेपर्यंत लग्न पुढे ढकलावे का?
— सौ. मा. दे., प्रतापनगर, नागपूर

उत्तर :

सौ. मा. दे. यांस, सप्रेम नमस्कार.

लग्न पुढे ढकलू नका. मुलांचे ठरलेलेच असेल, तर त्याची कायदेशीर नोंदणी डिसेंबरापर्यंत थांबवण्याऐवजी याच महिन्यात, फार तर जुलैच्या पहिल्या आठवड्यात टेक्सासमध्ये उरकून घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मी हे १८ जून २०२५ रोजी लिहीत आहे, म्हणजे हातात अठ्ठेचाळीस दिवस आहेत आणि त्यातला प्रत्येक आठवडा उपयोगाचा आहे. मी अमेरिकेतला वकील नाही. नागपुरात पंचवीस वर्षे नागरिकत्वाच्या आणि व्हिसाच्या फायली हाताळल्या, त्या अनुभवावर आणि तेथील कायद्याच्या वाचनावर हे उत्तर आधारलेले आहे. त्यामुळे शेवटचा शब्द मुलाने नेमलेल्या तेथील इमिग्रेशन वकिलाचा राहील.

आधी हा कागद काय आहे ते पाहू, कारण तुमच्या पत्रात त्याच्याविषयी जी भीती आहे तिचे मूळ नावातल्या ‘तात्पुरते’ या शब्दात आहे. अमेरिकेने १९९० च्या इमिग्रेशन कायद्यात ही सोय केली. एखाद्या देशात युद्ध चालू असेल, भूकंप-वादळासारखी आपत्ती आली असेल किंवा तेथे परत जाणे धोक्याचे ठरेल अशी दुसरी असाधारण परिस्थिती असेल, तर त्या देशाचे जे नागरिक त्या वेळी अमेरिकेत आहेत त्यांना सहा, बारा किंवा अठरा महिन्यांसाठी राहू द्यायचे, काम करू द्यायचे आणि त्या काळात बाहेर घालवायचे नाही, एवढाच तिचा अर्थ आहे. मुदत संपण्याच्या किमान साठ दिवस आधी तेथील गृहसुरक्षा खात्याच्या मंत्र्यांनी परिस्थितीचा आढावा घेऊन संरक्षण वाढवायचे की संपवायचे ते ठरवायचे असते. या कागदातून ग्रीन कार्ड आपोआप उगवत नाही. तो संपला की माणूस, मधल्या काळात दुसरा काही दर्जा मिळवला नसेल तर, पूर्वी जेथे होता तेथेच येऊन उभा राहतो.

नेपाळला हे संरक्षण २५ एप्रिल २०१५ च्या ७.८ तीव्रतेच्या भूकंपानंतर, त्याच वर्षीच्या २४ जूनला मिळाले. त्या भूकंपात जवळपास ९ हजार माणसे दगावली. अठरा महिन्यांसाठी दिलेली ती सोय पुढे दहा वर्षे चालली. २०१८ मध्ये ती बंद करण्याचा निर्णय झाला होता, तो न्यायालयात अडकला आणि २०२३ मध्ये सरकारनेच मागे घेतला. आता ६ जून २०२५ रोजी नवी सूचना निघाली असून तिच्याप्रमाणे ५ ऑगस्टच्या रात्री हे संरक्षण संपते. तोपर्यंत मुलीचे वास्तव्य आणि काम पूर्णपणे कायदेशीर आहे. तेव्हा नातेवाइकांत कोणी ‘बेकायदा राहते’ असे म्हणत असेल, तर ते चूक आहे असे तुम्ही निःशंकपणे सांगू शकता.

‘तात्पुरते म्हणजे खोटे’ ही समजूत आपल्याकडेही फार आहे, म्हणून थोडे विषयांतर करतो. दर हिवाळ्यात नागपुरात स्वेटर विकायला बसणाऱ्या तिबेटी बायका तुम्ही पाहिल्या असतील. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ त्यांची नॉर्ग्येलिंग वसाहत पन्नासएक वर्षे आहे, आणि तेथे जन्मलेली कित्येक माणसे आजही ठरावीक काळाने नोंदणी प्रमाणपत्राचे नूतनीकरण करून घेतात. आपल्या जरीपटक्यात पाकिस्तानातून आलेली कितीतरी सिंधी कुटुंबे दीर्घ मुदतीच्या व्हिसावर वर्षानुवर्षे राहिली. माझ्याकडे अशा एका आजी येत असत. त्यांचे सगळे जुने व्हिसा, भाडेकरार आणि शिक्के मारलेल्या पावत्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात वर्षवार दोऱ्याने बांधलेल्या असत, आणि डबा उघडण्यापूर्वी त्या हात पदराला पुसत. आयुष्यात एक पावती न हरवणारी ही माणसे असतात, कारण हरवली तर काय होते ते त्यांना माहीत असते. तुमच्या होणाऱ्या सुनेकडेही असाच एक डबा, निदान एक फोल्डर, असणार. त्याच्याकडे मी पुढे येतो.

आता नणंदबाईंचा मुद्दा. कागदासाठी लग्न करणारी व्यक्ती अमेरिकी नागरिकाशी लग्न करते, कारण त्यातून ग्रीन कार्डाचा रस्ता सरळ निघतो. एच-१बीवाल्याशी लग्न करून साधारणपणे काय मिळते? एच-४ हा अवलंबित व्हिसा, जो नवऱ्याच्या नोकरीला बांधलेला असतो, ज्यावर काम करण्याची परवानगी आपोआप मिळत नाही आणि नवऱ्याची नोकरी गेली की जो त्याच्याबरोबरच जातो. गेली दहा वर्षे कोणत्याही मालकाकडे काम करण्याची मुभा असलेल्या, स्वतःच्या पायावर उभ्या असलेल्या मुलीच्या दृष्टीने हा व्यवहार तोट्याचाच म्हणावा लागेल. शिवाय टीपीएस घेताना आणि दर नूतनीकरणाला तिच्या नावावरील गुन्ह्यांची पडताळणी झालेली आहे. एक गंभीर किंवा दोन किरकोळ गुन्हे सिद्ध झाले तरी हे संरक्षण मिळत नाही. स्थळ पाहताना आपण चौकशीसाठी जेवढी माणसे लावतो, त्याहून कडक चौकशीतून ती अनेकदा पार पडलेली आहे.

मुलाच्या एच-१बीवर तिच्या कागदाचा परिणाम होत नाही. तो व्हिसा त्याच्या शिक्षणावर, पदावर आणि कंपनीच्या अर्जावर उभा आहे. बायकोचा दर्जा काय, हे त्यात पाहिले जात नाही.

उलट ज्या गोष्टीचा तुमच्या पत्रात उल्लेखही नाही, ती येथे सर्वांत महत्त्वाची ठरू शकते. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांत कोणत्याही एका देशाच्या वाट्याला साधारण सात टक्क्यांहून अधिक कार्डे येत नाहीत, आणि हा वाटा नागरिकत्वावर न ठरता जन्माच्या देशावर ठरतो. भारतात जन्मलेल्यांची संख्या प्रचंड असल्यामुळे त्यांची रांग लांबली आहे. अमेरिकी परराष्ट्र खाते दर महिन्याला जे व्हिसा बुलेटिन काढते त्याच्या जून २०२५ च्या अंकात, ईबी-२ वर्गात भारताची तारीख १ जानेवारी २०१३ वर आहे, म्हणजे त्याआधी लागलेल्या फायलींचाच नंबर आला आहे, तर नेपाळ ज्या ‘इतर सर्व देश’ या रकान्यात येतो त्याची तारीख १५ ऑक्टोबर २०२३ आहे. तुमच्या मुलाची फाइल २०२१ ची आहे. भारताच्या रांगेत त्याच्यापुढे आठ वर्षांहून अधिक काळाचे अर्ज तुंबलेले आहेत. नेपाळच्या रांगेत त्याचा नंबर आजच लागलेला आहे.

आणि कायदा असा आहे, की नवरा-बायको एकत्र अर्ज करत असतील तर मुख्य अर्जदाराला जोडीदाराच्या जन्मदेशाच्या खात्यातून नंबर घेता येतो. कुटुंबाची ताटातूट होऊ नये म्हणून ही तरतूद केलेली आहे. म्हणजे ज्या मुलीमुळे मुलाचे ग्रीन कार्ड धोक्यात येईल अशी तुम्हाला भीती वाटते, तिच्याशी नोंदणी विवाह झाल्यावर तो, एवढी वर्षे वाट पाहिल्यानंतर, थेट शेवटचा अर्ज भरण्यास पात्र होऊ शकतो, आणि पत्नी म्हणून तीही त्याच्यासोबत भरू शकते. त्या अर्जाला आय-४८५ म्हणतात. तो दाखल झाला की निकाल लागेपर्यंत तेथे थांबता येते आणि त्याच्याच आधारे काम व प्रवास यांची परवानगी वेगळी मागता येते. बुलेटिनच्या तारखा पुढेमागे होत असतात, विशेषतः सप्टेंबरात त्यांचे आर्थिक वर्ष संपत आले की त्या मागे सरकण्याची शक्यता असते. घाईचे हे दुसरे कारण.

मात्र या साऱ्याला एक अट आहे, आणि ती तुमच्या पत्रातल्याच एका वाक्याने माझ्या मनात उभी केली. मुलीचे वडील भारतीय सैन्यात होते. गोरखा रेजिमेंटची केंद्रे लखनौ, शिलाँग, सबाथू अशा ठिकाणी आहेत आणि पलटणीतल्या जवानांची मुले पुष्कळदा छावणीच्या रुग्णालयातच जन्मतात. मुलगी नेपाळची नागरिक आहे यात शंका नाही, पण तिचा जन्म कोठे झाला? तो नेपाळात झाला असेल, तर वर सांगितलेला रस्ता मोकळा आहे. तो लखनौच्या लष्करी रुग्णालयात झाला असेल, तर या हिशेबात तीही भारताच्याच रांगेत धरली जाईल आणि मुलाला काही लाभ होणार नाही. वकिलाला पहिला फोन करण्यापूर्वी हे विचारून घ्या.

जन्म भारतातला निघाला, तर मग एच-४ चा मार्ग उरतो. टीपीएसधारकाचे वास्तव्य, तो कागद जिवंत असेपर्यंत, दर्जा बदलण्याच्या अर्जासाठी वैध समजले जाते. म्हणून लग्नाची नोंद करून एच-४ साठीचा अर्ज ५ ऑगस्टच्या आत दाखल व्हायला हवा. त्या तारखेनंतर हीच गोष्ट फार अवघड होते. मुलाचे आय-१४० मंजूर असल्यामुळे, २०१५ च्या नियमाप्रमाणे, एच-४ मिळाल्यावर तिला कामाचा परवानाही मागता येईल. मधले काही महिने तिला घरी बसावे लागेल, हे तिने आणि मुलाने दोघांनी धरून चालावे. कोणत्याही मार्गात ५ ऑगस्टनंतर नवा परवाना हाती आल्याशिवाय एक दिवसही काम करायचे नाही, हे मी ठासून सांगतो. चांगली चाललेली प्रकरणे अशा ‘एवढ्याने काय होते’ मधून बिघडलेली मी पाहिली आहेत.

आता त्या फोल्डरकडे येऊ. तिने तीन गोष्टी एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवाव्यात : विमानतळावर प्रवेश मिळाल्याची आय-९४ नोंद, महाविद्यालयाने विद्यार्थी व्हिसासाठी दिलेले आय-२० हे प्रवेशपत्र, आणि टीपीएस पहिल्यांदा मंजूर झाल्याचे पत्र. ती रीतसर विद्यार्थी व्हिसावर तपासणी होऊन आत आली, ही तिची मोठी जमेची बाजू आहे. सीमा ओलांडून आलेल्यांना ती नसते, आणि नुसता टीपीएस मिळाल्याने ती उणीव भरून निघत नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये एकमताने ठरवले आहे. वकील पाहील ते यापेक्षा वेगळे : फी न भरल्याने शिक्षण कोणत्या तारखेला थांबले आणि टीपीएस कोणत्या तारखेला मंजूर झाले, या दोहोंमध्ये किती दिवस रिकामे गेले. भूकंपानंतरच्या त्या महिन्यांत बरेच जण असे अधांतरी होते. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डात असे एकूण १८० दिवसांपर्यंतचे खंड माफ होतात, आणि ही माफी सोबत अर्ज करणाऱ्या पत्नीलाही लागू आहे. एच-४ च्या अर्जाला एवढी सवलत नाही. म्हणून खंड दोन महिन्यांचा की दहा महिन्यांचा, यावर कोणता मार्ग धरायचा हे अवलंबून राहील. हे मोजण्याचे काम फॉर्म भरून देणाऱ्या दुकानदाराकडून किंवा व्हॉट्सॲपच्या गटातून करून घेऊ नये.

न्यायालय पुन्हा स्थगिती देईल, असे कोणी तिला सांगत असेल. देईलही, २०१८ च्या निर्णयाचे तसे झाले होते. पण याच १९ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्हेनेझुएलाच्या नागरिकांचे टीपीएस संपवण्याची मुभा सरकारला दिली आहे, तेव्हा स्थगितीच्या भरवशावर बसणे मला शहाणपणाचे वाटत नाही. सरकारच्या म्हणण्याप्रमाणे टीपीएस मिळालेले सुमारे १२,७०० नेपाळी नागरिक आहेत आणि त्यांपैकी साडेपाच हजारांहून अधिक जणांनी केव्हाच ग्रीन कार्ड मिळवले आहे. त्यांनी न्यायालयाची वाट पाहिली नाही. नोकरीतून, लग्नातून, जो मार्ग कायदेशीर होता तो आधीच धरला.

मुहूर्ताचे तुम्ही लिहिले नाही, पण ते मनात असेलच. ६ जुलैला आषाढी आहे, मग चातुर्मास लागतो आणि तुळशीच्या लग्नापर्यंत आपल्याकडे कोणी अक्षता टाकत नाही. त्याला माझी हरकत नाही. टेक्सासमध्ये काउंटीच्या कारकुनाकडून परवाना घ्यायचा, त्यानंतर बहात्तर तास थांबायचे आणि नव्वद दिवसांच्या आत विवाह नोंदवायचा असतो. यात सप्तपदी नाही, मंगलाष्टके नाहीत. आपल्याकडे साखरपुड्यानंतर व्हिसासाठी आधी रजिस्टर लग्न आणि मग सावकाश वैदिक लग्न, हे धरमपेठेतल्या किती घरांनी केले आहे ते तुम्हाला ठाऊक असेल. गुरुजींना विचारलेत तर तेही कायद्याची सही मुहूर्तात धरत नाहीत.

डिसेंबरचे कार्यालय मात्र आगाऊ रक्कम भरून पक्के करू नका. अर्ज प्रलंबित असताना प्रवासाची परवानगी हाती नसेल आणि ती देशाबाहेर पडली, तर तिने अर्ज सोडून दिला असे धरले जाते; मग वर्धा रोडवर पंगत उठेल आणि नवरी काठमांडूच्या अमेरिकी दूतावासाच्या दारात बसेल. एच-४ मंजूर झाला तरी बाहेर पडल्यावर परतीसाठी दूतावासाचा शिक्का लागतोच. या ९ जूनपासून अमेरिकेने काही देशांच्या नागरिकांना प्रवेशबंदी केली आहे, त्यात नेपाळ नाही, हे खरे. तरी नेमक्या याच वर्षी हा धोका पत्करू नये. तुम्हा दोघांकडे प्रवासी व्हिसा असेल तर तुम्हीच जा. कार्यालयाची तारीख तिच्या हातात प्रवासाची परवानगी आल्यावर ठरवा.

तोपर्यंत नागपुरात तुमच्या हातचे एक काम आहे आणि ते दुसरे कोणी करू शकणार नाही. आय-४८५ ला मुलाचा जन्मदाखला लागतो. तीस वर्षांपूर्वीच्या पुष्कळ दाखल्यांवर बाळाचे नावच नसते, नुसते ‘मुलगा’ असते, किंवा आईचे माहेरचे नाव आणि पासपोर्टवरचे नाव जुळत नाही. महानगरपालिकेच्या ज्या झोनच्या हद्दीत ते प्रसूतिगृह होते तेथे जा. तुमचे घर ज्या झोनमध्ये आहे तेथे गेलात तर परत पाठवतील. दाखल्यावर मुलाचे पूर्ण नाव, आई-वडिलांची नावे आणि जन्माचे ठिकाण पासपोर्टाप्रमाणेच आहे का ते खिडकीवरच वाचून घ्या. नाव घालून मिळायला वेळ लागत असेल, तर तुम्ही व यजमान दोघांनी जन्माविषयी प्रतिज्ञापत्रे करून ठेवा आणि मजकूर वकिलाकडून आधी मागवा. तिकडे दोघांना ठरवून दिलेल्या डॉक्टरकडून वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागेल, कारण गेल्या डिसेंबरपासून तो अहवाल अर्जासोबतच जोडावा लागतो, आणि प्रत्येकी १,४४० डॉलर शुल्क आहे.

यातले काहीच जमले नाही, तर? तर ती परत येईल. आणि तुम्ही नेपाळच्या शेजारी देशात राहता हे अशा वेळी लक्षात ठेवा. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे नेपाळी नागरिकाला भारतात राहण्यासाठी किंवा नोकरी करण्यासाठी व्हिसा लागत नाही. अमेरिकेत ज्या मुलीला दर अठरा महिन्यांनी मुदत मोजावी लागली, तिला प्रतापनगरात तुमच्या घरी राहण्यासाठी कोणाकडे अर्ज करावा लागणार नाही.

पत्रिका जुळवायची म्हणून तुम्ही तिच्याकडे जन्मवेळ आणि जन्मस्थळ मागणार होता की नाही, मला माहीत नाही. जन्मस्थळ आजच विचारा. टेक्सास आपल्याहून साडेदहा तास मागे आहे, तेव्हा संध्याकाळी सातच्या सुमारास फोन केलात तर ती कामावर निघण्यापूर्वी भेटेल.